ठकी उठवायची ते वर्ष

लालबागच्या त्या खोलीत पहाट आधी पावलांनी यायची आणि मग उजेडानं. पावलं ठकीची असत. आम्ही जमिनीवर ओळीनं निजायचो. खिडकीखाली काका, मग मावशी, आणि शिवणयंत्राच्या पायाशी मी. ठकी सुरुवात काकांपासून करायची. त्यांच्या छातीवर चढून बसायची, थोडा वेळ त्यांच्या तोंडाकडे नुसती बघत राहायची, आणि मग नखं आत ओढून एक पंजा अगदी हलकेच त्यांच्या पापणीवर ठेवायची. काका डोळा उघडत नसत. "नाय गो बाय, अजून वेळ आसा," असं पुटपुटत कूस बदलायला बघत. मग दुसरा पंजा दुसऱ्या पापणीवर यायचा. तिथून ती मावशीकडे वळायची आणि तिच्या वेणीचं टोक दातांत धरून ओढायची. मावशी झोपेतच हात उडवून "मर गो मेले" म्हणायची, ते इतक्या मऊ आवाजात, की कुणाला तो आशीर्वाद वाटावा. शेवटी माझी पाळी. माझ्या कानात ती ओलं, गार नाक खुपसायची. त्या वेळी मी बहुधा गावी असायची, म्हणजे स्वप्नात. आमच्या विहिरीवर कुणीतरी माझ्या कानात पाणी ओततंय असं वाटायचं, आणि हसत हसत जाग यायची ती लालबागला. मी उठून बसले रे बसले, की ठकी माझ्या उबदार गोधडीत शिरून गोल होऊन झोपून जायची. सगळ्यांना उठवण्यामागचा तिचा खरा हेतू हाच असावा, अशी मला आजही शंका आहे.

मी मावशीकडे कॉलेजसाठी राहत होते. आमचं गाव तालुक्याचं, पण तिथे शाळेपुढे शिक्षण नव्हतं. वडील एसटी स्टँडजवळ सायकली दुरुस्त करायचे. घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेलं कुणी नव्हतं. मी कॉलेजात जाते म्हणजे नेमकं काय करते, हे आईला शेवटपर्यंत नीट कळलं नाही, पण ती त्याबद्दल देवळात मात्र नियमानं बोलायची. मावशीनं मला ठेवून घेतलं ते काहीही न बोलता, जसं ताटात आणखी एक भाकरी वाढावी तसं. खोलीत झोपायला जेवढी माणसं मावत होती तेवढी मावली होती. शिवणयंत्राच्या पायाशी जी एक लांबट जागा उरायची, ती माझी. ते माझं बी. ए.चं शेवटचं वर्ष, आणि पुढच्या वर्षी ती जागा माझ्या धाकट्या भावाला द्यायची, हे माझ्या येण्याआधीच ठरलेलं होतं. त्यामुळे मला नापास होऊन चालणार नव्हतं. एकदा हुकले असते तर पुन्हा बसायला मुंबईत अंग टाकायला जागाच नव्हती. हे कुणी मला बोलून दाखवलं नाही, पण रात्री यंत्राच्या लोखंडी पट्टीला पाय लागला की मला ते आठवायचं.

आणि माझी झोप तर अशी, की शाळेत मला कुंभकर्णाची बहीण म्हणायचे. संध्याकाळी अभ्यास शक्य नसे. मावशीचं शिवणकाम, शेजारच्यांचं येणं-जाणं, समोरच्या खोलीतला रेडिओ, यातून मन बाजूला काढणं मला जमायचं नाही. कॉलेजात सगळं इंग्रजीतून. आमच्या शाळेत इंग्रजी शिकवणारे गुरुजी भूगोलही मराठीतून आणि इंग्रजीही मराठीतूनच शिकवायचे. त्यामुळे एकेक पान मला तीनदा वाचावं लागे. ते वाचायला एकच वेळ होती, पहाटेची, नळाला पाणी यायच्या आधीची. फळीवर गजराचं घड्याळ होतं, पण ते ठकीच्या आधी वाजल्याचं मी कधी पाहिलं नाही. तिनं उठवलं नसतं तर माझी बी. ए. त्या गोधडीतच राहिली असती.

मी पुस्तक घेऊन बाहेर गॅलरीत यायची. दिव्याखाली पाट टाकून, कठड्याला पाठ लावून बसायची. खालचा रस्ता अजून निजलेला असायचा. लांब कुठेतरी दुधाचे ट्रे उतरवल्याचा आवाज, मग पुन्हा शांतता. समोरच्या चाळीच्या कौलांवर धुरकट निळा रंग पसरायला लागायचा आणि मला वाटायचं, सगळी मुंबई पाण्याखाली आहे आणि आमचा तिसरा मजला तेवढा वर तरंगतोय. काका तोवर ठकीला सुक्या बोंबलाचं डोकं देऊन गप्प करायचे, स्टोव्हवर चहा ठेवायचे आणि दोन कप घेऊन माझ्याजवळ येऊन बसायचे. ते लोअर परळच्या एका छापखान्यात यंत्रावर होते. रोज लग्नपत्रिका आणि कॅलेंडरं छापायचे, पण वाचायला त्यांना फारसं येत नसे. चहा अर्धा झाला की एकच प्रश्न विचारायचे.

"आज काय वाचतंस?"

"फ्रान्सची राज्यक्रांती."

"मगे राजाचा काय झाला?"

"मारलं त्याला, काका."

"आणि राणीचा?"

"ते पुढच्या पानावर आहे."

"बरा. मगे उद्या सांग."

दुसऱ्या दिवशी मी राणीचं सांगितलं. नंतर कळलं, की छापखान्यात जेवणाच्या सुट्टीत ते ही गोष्ट रोज थोडी थोडी सांगत आणि तिथले लोक दुसऱ्या दिवसाची वाट बघत. राणीच्या दिवशी म्हणे बाइंडिंगवाल्यानं डबा अर्धा तसाच बंद केला. काकांना रोज काहीतरी नवं न्यावं लागे, म्हणून मला रोज काहीतरी समजून घ्यावं लागे. परीक्षेत मला इतिहासात जे काही आलं, ते त्या छापखान्यातल्या माणसांना समजेल अशा रीतीनं आधी एकदा लावून झालेलं होतं.

मग पाणी यायचं आणि मजला जागा व्हायचा. त्यानंतर एक काम माझ्याकडे असे, ते म्हणजे मांजर धरणं. काका फार देवभोळे नव्हते, पण घरातून निघताना मांजर आडवं गेलेलं त्यांना चालत नसे. मांजर घरातलंच, उंबऱ्याशी लोळणारं, तेव्हा ते रोजच आडवं जायचं. आडवं गेलं, की काका परत आत यायचे, चपला काढायचे, पाटावर बसायचे, घोटभर पाणी प्यायचे आणि मग नव्यानं निघायचे. कधीकधी नव्यानं निघतानाही ठकी पुन्हा जायची. काका पुन्हा पाणी प्यायचे. एकदा असे ते इतकं पाणी प्यायले, की मावशी म्हणाली, "आता एवढं पाणी भरून कामावर जाताय की बोटीवर?" म्हणून मी आले तेव्हापासून ते काम माझं. काका चपला घालायला लागले, की मी ठकीला मांडीत घट्ट धरून दाराच्या आड बसायची. ते जिना उतरून खालून "उतरलंय गो" असं ओरडले, की मी तिला सोडायची. ती अंग झटकून, माझा अपमान करून निघून जायची.

माझ्या नातीनं अलीकडे मांजर पाळलंय. तेही पहाटे तिच्या उशीवर येऊन बसतं. तिनं मोबाइलवर कुठेतरी पाहिलं, की मांजरानं उठवलं तरी आपण उठायचं नाही, हलायचं नाही, मेल्यासारखं पडून राहायचं, म्हणजे त्याची सवय मोडते. मग एक यंत्रही आणलं, ते ठरल्या वेळी वाटीत खाणं टाकतं. आता मांजर यंत्रापुढे बसून राहतं आणि नात उशिरापर्यंत झोपते. ती खूश आहे, मीही काही बोलत नाही. फक्त पहाटे मला जाग येते तेव्हा हॉलमधून वाटीत दाणे पडल्याचा आवाज ऐकू येतो आणि वाटतं, बिचाऱ्याला कुणी "अजून वेळ आसा" असं म्हणतसुद्धा नाही.

परीक्षा जवळ आली त्या सुमारास मावशीची मुलगी, सुलूताई, पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. तिला मुलगी झाली. दवाखान्यातून मायलेकी सोमवारी घरी यायच्या होत्या, आणि शनिवारी दुपारी मावशीनं मशीन थांबवून, सुईतून दोरा काढून, सांगितलं, की मांजर आता घरात राहणार नाही. बाळाच्या अंगावर चढून बसेल, केस नाकात जातील, एकेकाच्या घरी काय काय झालंय हे तिनं ऐकलं होतं. तिचं चुकीचं नव्हतं. ठकी तर माणसाच्या छातीवर बसल्याशिवाय दिवस सुरू करत नसे.

काका म्हणाले, "खंय सोडतलंस तिका?"

"भाऊच्या धक्क्यावर. मासळीत राहील, उपाशी मरायची नाही. आणि तुम्ही एकटे जायचं नाही. एकटे गेलात तर नाक्यावरून परत याल. ही येईल सोबत."

ही म्हणजे मी. मी मान डोलावली. मी पाहुणी, दुसऱ्याच्या घरातल्या मांजराबद्दल काय बोलणार? पण रात्री गोधडीत पडल्यावर मनात हिशेब एकच चालला होता, की उद्यापासून मला कोण उठवणार. पेपर आठवड्यावर आले होते, आणि निम्मं पुस्तक अजून उघडायचं होतं. काका अंधारात म्हणाले, "निजलंस?" ते म्हणाले, "मी उठवीन तुका." मग थोड्या वेळानं, जरा खालच्या आवाजात, "पण माका कोण उठवतला?"

रविवारी पहाटे ठकीनं आम्हाला नेहमीसारखंच उठवलं. आपल्याला सोडायला जाणाऱ्या माणसांना तिनंच वेळेवर उठवलं, हे मला आजही आठवलं की कसंतरी होतं. काकांनी तिला बाजाराच्या पिशवीत घातलं, वर टॉवेल टाकला. बसमध्ये फारशी गर्दी नव्हती. पिशवीतून पहिल्यांदा बारीक, मग लांबलचक आवाज यायला लागला. कंडक्टर जवळ येऊन म्हणाला, "दोन तिकिटं, आणि पिशवीतल्या बाई?"

"त्यांका धक्क्यार सोडूचा आसा," काका म्हणाले.

कंडक्टरनं तिकिटं फाडली आणि पिशवीकडे बघत म्हणाला, "आमच्या घरी पण आहे एक. डबल ड्यूटी करून आलो तरी ती पहाटे झोपू देत नाही." मग तो पुढे गेला, पण उतरेपर्यंत मागे वळून वळून बघत होता.

धक्क्यावर धुकं नव्हतं, पण बर्फाचा आणि समुद्राचा मिळून एक पांढुरका वाफारा हवेत होता. त्यातून माणसं अर्धी दिसायची, अर्धी नाही. होड्या लागलेल्या होत्या, टोपल्या डोक्यावरून डोक्यावर जात होत्या, कुठेतरी लिलावाचं ओरडणं चाललं होतं, आणि हे सगळं असूनही मला सगळं फार लांबून ऐकू येत होतं, जसं पाण्याखालून ऐकू यावं. कदाचित झोप पुरी झाली नव्हती म्हणून असेल. काकांनी गर्दीची जागा टाळली. बर्फाच्या गोदामामागे, भिंत आणि सुकत घातलेली जाळी यांच्यामध्ये एक अरुंद वाट होती, तिथे ते गेले. पिशवी खाली ठेवली. खिशातून कागदात गुंडाळलेला अख्खा बोंबील काढला, डोकं नाही, अख्खा, आणि ठकीपुढे ठेवला. तिनं तो शांतपणे, शेपटीसकट खाल्ला. काका तिच्या पाठीवरून हात फिरवत काहीतरी बोलत होते, मला ऐकू आलं नाही. मग उठले, पिशवीची घडी घातली आणि म्हणाले, "चल."

त्यांनी पाऊल उचललं आणि ठकी त्यांच्या पुढून, डाव्या भिंतीपासून उजव्या जाळ्यापर्यंत, सावकाश आडवी गेली. पलीकडे बसली आणि मिशा चाटायला लागली.

काकांचं पाऊल खाली आलं ते होतं तिथेच. मी पाहिलं, ते थिजून उभे होते. आत परत जायला घर नव्हतं, बसायला पाट नव्हता, प्यायला पाणी नव्हतं. त्यांच्या नियमाला आता एकच पळवाट उरली होती, दुसऱ्या कुणीतरी ती रेघ आधी ओलांडायची. मी म्हटलं, "काका, मी जाते पुढे." आणि निघालेसुद्धा. काकांनी माझा दंड धरला. इतक्या जोरात त्यांनी मला आधी कधी धरलं नव्हतं.

"तू नको."

"मी नाही मानत काका हे."

"तू मान नायतर नको मानू. तुझी परीक्षा आसा. तुझ्या परीक्षेत मी मांजर घालूचंय नाय."

ज्या माणसाला राज्यक्रांतीची गोष्ट मी सांगितली, तो माझ्यासाठी त्या अरुंद वाटेत रुतून उभा होता. मला वाटतं, माझी परीक्षा एकट्या माझी नाही हे मला पहिल्यांदा तिथे कळलं.

थोड्या वेळानं मागून एक कोळीण आली, डोक्यावर टोपली, टोपलीतून बर्फाचं पाणी तिच्या खांद्यावर ठिबकत होतं. ती गेली असती तर आमचा प्रश्न मिटला असता. पण काका बाजूला होऊन तिला म्हणाले, "बाई, जरा थांबा. मांजर आडवा गेला हा, म्हणून सांगतंय." आपलं अरिष्ट दुसऱ्याला न सांगता त्याच्या गळ्यात घालणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं. कोळीण थांबली. तिनं टोपली खाली ठेवली. मग मागून हातगाडीवाला आला. तो म्हणाला, "चाचा, आगे बढो ना." काका म्हणाले, "बिल्ली आडवा गया." त्यानं मान हलवली, गाडी टेकवली आणि तंबाखू मळायला घेतली. आता आम्ही चौघं एका ओळीत उभे होतो आणि समोर ठकी मागचा पाय वर करून तो चाटत होती.

कोळिणीनं पदरानं कपाळ पुसलं. "कोनाची हाय ही मांजर?"

"आमचीच," काका म्हणाले.

"तुमच्याच घरातली?"

"होय. सोडूक आणलंली."

"मंग घरचं मानूस कधी आडवं जातं काय, दादा? घरचं मानूस वाटेत येतं. उचला तिला. माझं बरफ पानी व्हायला लागलंय."

काका तिच्याकडे बघत राहिले. मग ठकीकडे. मग माझ्याकडे वळून, अगदी गंभीरपणे, म्हणाले, "म्हणजे इतकी वर्सां मी फुकट पाणी पिलंय?"

हातगाडीवाल्याला काय कळलं कोण जाणे, पण तो सगळ्यात आधी हसला. काकांनी वाकून ठकीला उचललं. ती विरोध न करता त्यांच्या खांद्यावर हनुवटी टेकून बसली, जणू तिला न्यायला आम्ही उशीर केला होता. परतीच्या बसमध्ये पिशवी रिकामीच होती; ठकी माझ्या मांडीवर झोपली. काका खिडकीतून बाहेर बघत होते. नाकाजवळ त्यांचा रुमाल होता, पण मासळीचा वास त्यांना कधी खटकत नसे.

मावशी दारातच उभी होती. "सोडलीत?"

काकांच्या खांद्यामागून ठकीनं उत्तर दिलं. मावशीनं कपाळाला हात लावला. ती चिडली, आणि तिला चिडायचा हक्क होता. उद्या घरात आठ दिवसांचं बाळ येणार होतं. आवाज वाढले. गॅलरीच्या टोकाला राहणाऱ्या लीलाकाकी पळी हातात घेऊन बाहेर आल्या. लीलाकाकी एकट्या, जिभेच्या तिखट, कामगारांचे डबे करून द्यायच्या. ठकीवर त्यांचा विशेष राग, कारण त्यांच्या खिडकीतून तिनं एकदा तळलेला बांगडा नेला होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, काकांचं, मावशीचं, शेवटी माझ्याकडे बघितलं.

"ह्या चेडवाचा काय? रातभर पोर रडात, ह्या वाचतला खंय?"

खरं म्हणजे माझा विचार कुणी केला नव्हता असं नाही. सगळ्यांनी केला होता आणि कुणाला काही सुचलं नव्हतं.

"माझ्याकडे निजू दे परीक्षेपर्यंत," लीलाकाकी म्हणाल्या. "आणि त्या मांजराकसुद्धा पाठव. एक चोर आणि एक विद्यार्थी, माका काय जड?"

अशी मी आणि ठकी एकाच दिवशी गॅलरीच्या टोकाला राहायला गेलो. मला जागा मिळाली ती नारळांच्या पोत्याशेजारी. ठकीला कुठलीच जागा दिली नव्हती, म्हणून तिनं लीलाकाकींच्या पायाशीच घेतली. पहिले काही दिवस तिचा फार गोंधळ उडाला. पहाटे उठून ती सवयीनं काकांच्या दाराशी जायची आणि दार ओरबाडायची. बाळ जागं होईल म्हणून काका धडपडत बाहेर यायचे, तिला उचलून गॅलरीभर चालत आमच्या दाराशी आणायचे, कडी वाजवायचे, त्यानं लीलाकाकी उठायच्या, त्या काकांना दोन शब्द सुनवायच्या, त्यानं शेजारचे उठायचे. मी उठेपर्यंत अर्धा मजला जागा झालेला असायचा. "बी. ए. एकटी करता, आणि उठता सगळो मजलो," असं लीलाकाकी म्हणायच्या. पण म्हणता म्हणता ठकीला पापलेटची शेपटी टाकायच्या. काका चहाचे कप घेऊन तिथेच, त्यांच्या उंबऱ्यावर बसायला लागले. राज्यक्रांती संपून आम्ही नेपोलियनवर आलो होतो. आता ऐकायला लीलाकाकीही असत, पीठ मळता मळता. नेपोलियन रशियात गेला तेव्हा त्या म्हणाल्या, "बाईल नव्हती ह्याका, सांगणारी?" मी सांगितलं, होती, पण त्यानं तिला सोडलं. "मगे हा असाच होतला," त्या म्हणाल्या, आणि तो धडा मी कधीच विसरले नाही.

पेपर झाले. निकालाचं इथेच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव तिथे अडकून राहायला नको. मी दुसऱ्या वर्गात पास झाले. आमच्या घराण्यातली पहिली पदवी. पुढे नोकरी लागली, त्या नोकरीवर माझी धाकटी दोन भावंडं शिकली, आणि शिवणयंत्राच्या पायाशी माझा भाऊ तीन वर्षं निजला. पण निकालाचा दिवस मला धूसर आठवतो. जे स्पष्ट आठवतं, ते त्याच्या आधीचं आहे, शेवटच्या पेपरच्या दुसऱ्या दिवसाची सकाळ.

शेवटचा पेपर देऊन मी घरी आले ती न जेवता पडले. त्यानंतरचं काही मला माहीत नाही. स्वप्नही पडलं नाही. जाग आली ती कुणी उठवलं म्हणून नाही, आपली आपण, पोहत पोहत वर यावं तशी. डोळे उघडले तर ऊन पोत्यावरून चढून भिंतीवर अर्ध्यात गेलेलं. पहिल्यांदा वाटलं, की पेपर गेला. मग आठवलं, की पेपर संपले. मग लक्षात आलं, की काहीही ऐकू येत नाही. बादल्या नाहीत, रेडिओ नाही, पाट्यावर वरवंटा नाही, बाळाचं रडणं नाही. लालबागमध्ये, दिवस इतका वर आलेला असताना, इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. मला वाटलं, माझ्या झोपेत सगळे कुठेतरी निघून गेले.

मी दार उघडलं. सगळे गॅलरीत होते. पाणी भरून झालेलं होतं. प्रत्येक दाराशी बादल्या होत्या आणि कड्यांना फडकी गुंडाळलेली होती, वाजू नयेत म्हणून. काका बाकावर बसले होते. पहिल्या पाळीला गेले नव्हते. ठकी त्यांच्या मांडीत, आणि तिच्या पाठीवर त्यांचे दोन्ही हात, पहाटेपासून तसेच असावेत, कारण त्यांनी मला बघून हात उचलला तेव्हा बोटं सरळ करायला त्यांना वेळ लागला. मावशी बाळाला खांद्यावर टाकून गॅलरीच्या पार दुसऱ्या टोकाला फेऱ्या मारत होती, अनवाणी. रेडिओवाले शेजारी हातात पेपर धरून बसले होते, आणि पानसुद्धा उलटत नव्हते.

लीलाकाकी जिन्याच्या पायरीवर बसल्या होत्या. मांडीवर खोबऱ्याची परात, किसलेलं सगळं खोबरं न वाटता तसंच. त्यांची स्वयंपाकाची खोली म्हणजे माझी झोपायची खोली. त्यांनी अजून चूल पेटवली नव्हती. कामगारांचे डबे त्या दिवशी उशिरा गेले, हे मला नंतर कळलं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"झाली झोप?"

मी मान हलवली.

"मगे हो बाजूक," त्या म्हणाल्या, आणि परात कमरेवर घेऊन माझ्या शेजारून आत गेल्या. पाठोपाठ पाट्यावर वरवंटा फिरायला लागला. त्याबरोबर कुणीतरी रेडिओ लावला, बाळानं गळा काढला, मावशीनं पलीकडून ओरडून विचारलं की चहा घेणार ना, आणि आमचा मजला, सकाळपासून आवरून धरलेलं सगळं, एकदम मोठ्यानं बोलायला लागला.